ऊन-पावसातल्या हौशी रेससाठी मोटारसायकलचे टायर: बेळगाव भागातल्या रायडरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली बरीच पोरं आता रेसला जातात. कुणी कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, कुणी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, कुणी कोल्हापूरजवळ हुपरीला, आणि बहुतेक जण आसपासच्या गावांत होणाऱ्या मातीवरच्या रेसला. गाडी कुठलीही असो, निघायच्या आधी फोन येतो तो टायरसाठी. सारखे येणारे प्रश्न आणि त्यांची माझ्या अनुभवातली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एकच गाडी आहे, चाकांची जोडीही एकच. ऊन आणि पाऊस दोन्हीला चालेल असा टायर कोणता?

रस्त्यासाठी बनवलेला, नक्षी असलेला, मऊ रबराचा स्पोर्ट टायर. पहिल्या दोन-तीन हंगामांसाठी माझं हेच उत्तर आहे आणि त्यात मी बदल करत नाही.

अशा टायरच्या रबरात सिलिका मिसळलेली असते. नुसत्या कार्बन ब्लॅकवर (काजळीसारख्या काळ्या पुडीवर) बनलेलं रबर थंड, ओल्या डांबरावर लवकर निबर होतं. सिलिकाचं रबर कमी तापमानालाही लवचिक राहतं आणि डांबराच्या बारीक खाचांत बसतं. आपल्याला नेमकं तेच हवं असतं, कारण हौशी रेसमध्ये टायर गरम करायचे ब्लँकेट नसतात, वॉर्मअपचा एखादाच लॅप मिळतो आणि ढग कधी फुटेल याचा नेम नसतो.

१७ इंची चाकांसाठी पिरेली डायब्लो रोसो, मिशेलिन पायलट स्ट्रीट, टीव्हीएस युरोग्रिप प्रोटॉर्क, एमआरएफ रेव्ह्झ, अपोलो अल्फा अशा मालिका आपल्याकडे मिळतात. त्यांची क्रमवारी मी लावणार नाही. तुमच्या मापात, ताज्या तारखेचा, पुढचा-मागचा एकाच मालिकेतला जोड मिळत असेल तर तो घ्या. नावाजलेला पण तीन वर्षं दुकानात पडून असलेला टायर साध्या ताज्या टायरपुढे टिकत नाही.

स्लिक, म्हणजे नक्षी नसलेला गुळगुळीत टायर, जास्त पकडतो म्हणतात. मग तो का नको?

पकडतो, पण गरम झाल्यावर. रेसचा स्लिक ढोबळमानाने ८० ते १०० अंश तापमानाला त्याचं खरं काम सुरू करतो. तिथपर्यंत न्यायला ब्लँकेट लागतं, ताकदीची गाडी लागते आणि सलग जोरात चालवणारा हात लागतो. दीडशे-दोनशे सीसीच्या गाडीवर नवा रायडर गार डांबरावर स्लिकला त्या तापमानापर्यंत नेऊच शकत नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकलो. एका वर्षी कोइंबतूरला सरावाच्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता. सातच्या सुमारास ट्रॅक वरून कोरडा दिसत होता, पण कडेची गवताची पट्टी भिजलेली होती आणि डांबराला हात लावला तर गारवा कळत होता. गाडीला एका विक्रेत्याकडून घेतलेले वापरलेले स्लिक होते. रबर मऊ आहे, अजून दोन रेस जातील, असं त्यानं छातीठोक सांगितलं होतं. दोन लॅप मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यात आलो आणि मागच्या टायरवर तळवा ठेवला, तर तो माठासारखा गार. तेव्हाच थांबायला हवं होतं. तिसऱ्या लॅपला वळणातून बाहेर पडताना अर्धाच थ्रॉटल दिला आणि मागचं चाक कडेला निघून गेलं. कॉलरबोन मोडलं. नंतर टायरची तारीख बघितली तेव्हा तो पाच वर्षं जुना निघाला.

टायर जमिनीला टेकतो ती जागा तळहातापेक्षाही लहान असते. तुमचा जीव, गाडी आणि ब्रेक हे सगळं त्या दोन लहान जागांवर उभं असतं. ती जागा गार असेल तर रायडरच्या कौशल्याचा फार उपयोग होत नाही.

स्लिकला हाताने खाचा मारून पावसाळी टायर करता येतो का?

कंपन्या आणि मोठ्या टीम गरम ब्लेडच्या हत्याराने स्लिकवर खाचा मारतात, ओलसर ट्रॅकसाठी. पण खाचा मारल्याने रबर बदलत नाही. त्याला उष्णता लागतेच. शिवाय घरी पात्याने कापताना खाच आतल्या दोऱ्यापर्यंत गेली तर टायर वेगात फुटू शकतो. करू नका.

मग खास रेन टायर घ्यावेत का?

चाकांची दुसरी जोडी असेल आणि तुमच्या मापात मिळत असतील तर जरूर. त्यांचं रबर इतकं मऊ असतं की नखाने दाबलं तरी खळगा पडतो, आणि खोल खाचांतून पाणी बाजूला फेकलं जातं. मात्र ट्रॅक सुकला की हेच टायर काही लॅपमध्ये तापून फाटायला लागतात. नक्षीच्या कडा आधी गोळा होतात, मग तुकडे निघतात. सुकत्या ट्रॅकवर रेन टायरने जाणारे रायडर मुद्दाम ओल्या जागा शोधून त्यावरून गाडी काढतात, ती याचसाठी.

लहान गाड्यांच्या मापात खरे रेन टायर सहज मिळत नाहीत. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच राहतं.

हवा किती भरायची?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. लोक टायरला हजारो रुपये घालतात आणि हवा पेट्रोल पंपावरच्या मीटरच्या भरवशावर सोडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. टायर घ्यायच्या आधी दाब मोजायचा स्वतःचा चांगला गेज घ्या. कायम तोच वापरा. दोन गेज दोन आकडे दाखवतात, पण एकच गेज कायम वापरला तर निदान फरक तरी बरोबर कळतो.

आता हिशोब. टायरमधली हवा दर १० अंशांनी तापली की दाब साधारण सव्वा ते दीड पीएसआय वाढतो. सकाळी ३० अंशांना २५ पीएसआय भरलेला टायर ७० अंशांपर्यंत तापला तर गेज ३० च्या आसपास जातो. रस्त्याचा टायर ट्रॅकवर नेताना कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा थोडी हवा कमी करतात ती याच कारणाने. तापल्यावर तो योग्य जागी यावा म्हणून. दीडशे ते दोनशे सीसीच्या गाडीवर कोरड्यात मी गार टायरला पुढे २५ आणि मागे २६ पासून सुरू करतो, मग पाच लॅप मारून पिटमध्ये येताच गरम दाब बघतो. हे आकडे सुरुवातीचे आहेत. तुमचं वजन, तुमचा टायर आणि ट्रॅक बघून ते बदलतील.

पाऊस आला तर पुष्कळ जण आणखी हवा काढतात, रबर जास्त टेकेल या समजुतीने. रस्त्याच्या टायरला हे उलटं पडतं. पावसात टायर तापत नाही, त्यामुळे दाब वाढत नाही. कोरड्यासाठी कमी केलेली हवा तशीच राहिली तर टायर ढिला पडतो, खाचा दबतात आणि पाणी बाहेर जात नाही. टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो वेग दाबाच्या वर्गमूळाबरोबर वाढतो. म्हणजे दाब कमी, तर तरंगायचा वेगही कमी. पाऊस पडत असेल तर मी गार दाब दोन पीएसआयने वाढवतो. साचलेलं पाणी असेल तर कंपनीच्या आकड्यावर जातो.

घरी बेळगावात हवा भरून निघालो, चेन्नईला उतरल्यावर आकडा वेगळाच दिसला. टायर गळतोय का?

बहुतेक वेळा नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे आणि चेन्नई समुद्रकाठी. गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतो. खाली उतरलं की बाहेरची हवा दाट होते, त्यामुळे फक्त उंचीच्या फरकाने गेज सुमारे सव्वा पीएसआय कमी दाखवतो. त्याच वेळी आपल्याकडचे पावसाळ्यातले २२ अंश आणि तिकडचे ३६ अंश, यामुळे दीड-पावणेदोन पीएसआय वाढतो. दोन्ही मिळून आकडा थोडासाच हलतो, पण कधी इकडे, कधी तिकडे. म्हणून घरचा आकडा विसरा. ट्रॅकवर पोचल्यावर गाडी निदान एक तास सावलीत ठेवा आणि मग भरा. उन्हात उभ्या गाडीचा उन्हाकडचा टायर दुसऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. हे मी स्वतः गेज लावून कितीतरी वेळा पाहिलंय.

नायट्रोजन भरावा का?

मिळाला तर चांगलं. फायदा नायट्रोजनचा कमी आणि कोरडेपणाचा जास्त. पावसाळ्यात काही कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, ते हवेबरोबर टायरमध्ये जातं आणि तापल्यावर त्याची वाफ होऊन दाब अंदाजाबाहेर चढतो. ज्या कॉम्प्रेसरची टाकी रोज रिकामी करतात तिथे साधी हवा भरली तरी चालते. नळी हातावर धरून बघा, ओल लागते का ते.

टायर ताजा आहे हे कसं ओळखायचं?

बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. हा लंबगोल कधी कधी एकाच बाजूला असतो, तेव्हा टायर उलटा करून बघा. दुकानदार कंटाळला तरी बघा. रेससाठी मी दोन वर्षांपेक्षा जुना टायर घेत नाही.

बाजूवरचे बाकीचे आकडे आणि अक्षरं काय सांगतात?

उदाहरणार्थ १४०/७०-१७ एमसी ६६एच. १४० ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे उंची रुंदीच्या ७० टक्के, १७ इंचाचं रिम. ६६ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे ३०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. पी असेल तर १५०, एस असेल तर १८०. लहान गाडी दीडशेपर्यंत पोचत नसली तरी ट्रॅकवर मी निदान एस बघतो, कारण वरच्या अक्षराचा टायर उष्णता जास्त सोसतो. टीएल लिहिलं असेल तर ट्यूबलेस.

मागे एक माप रुंद टायर बसवला तर पकड वाढेल ना?

सहसा कमी होते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की दोन्ही कडा आत खेचल्या जातात आणि टायरचा माथा टोकदार होतो. मग गाडी कलताना कडेचं रबर नीट टेकत नाही आणि वळणात घुसताना गाडी एकदम कोसळल्यासारखी वाटते. ओल्यात तर रुंद टायरला जास्त पाणी कापावं लागतं. अपाचे आरटीआर २०० फोरव्हीला मागे कंपनीचं माप १३०/७०-१७ आहे, तेच ठेवा. दिसण्यासाठी रुंद टायर घालायचा असेल तर तो कॉलेजला जायच्या गाडीलाही नका घालू.

पुढे साधा आणि मागे रेडियल चालतो का?

गाडीच्या कंपनीनेच तशी जोडी दिली असेल तर चालतो. यामाहा आर१५ ला मागे रेडियल (आतले दोरे सरळ आडवे असलेला) आणि पुढे साधा, म्हणजे बायस (दोरे तिरपे असलेला), असाच जोड येतो आणि गाडीची ठेवण त्यावरच बसवलेली आहे. स्वतःच्या मनाने पुढे रेडियल आणि मागे बायस असं मात्र कधीच करू नका. दोन टायर दोन वेगळ्या तऱ्हेने वाकतात आणि वळणात गाडी डोलायला लागते.

आमची रेस मातीवर असते. बटन टायर (उंच रबरी गुठळ्यांचा, मातीवरचा) कोणता घ्यावा?

इथे थोडं थांबून सांगतो, कारण आपल्या भागात याच रेस जास्त होतात आणि आपल्या जिल्ह्याची माती एकसारखी नाही.

खानापूर, जांबोटी, बेळगावचा पश्चिमेचा भाग इथे तांबडी माती आणि जांभ्याचा मुरूम. तिकडे कणकुंबीला पाऊस डोळे उघडू देत नाही आणि त्याच दिवशी पूर्वेला अथणीत धूळ उडत असते. गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्ती या बाजूला काळी माती. एकाच पावसात या दोन मातींचं वागणं इतकं वेगळं असतं की एका मैदानावर जिंकलेला टायर पुढच्या रविवारी दुसऱ्या मैदानावर गाडी हलू देत नाही.

मुरमाचं मैदान पाणी लवकर पितं. वरचा एक बोटभर थर साबणासारखा निसरडा होतो, पण खाली टणक असतं. इथे बटनाने वरचा थर कापून खालच्या टणक भागाला पकडायचं असतं. म्हणून मध्यम उंचीची, जराशी जवळ-जवळची बटनं आणि मध्यम रबर. कंपन्यांच्या भाषेत हा मधल्या जमिनीचा टायर. बटनाची पुढची कड धारदार हवी. कड गोल झाली की मुरमावर टायर नुसता फिरतो.

काळी माती ओली झाली की निसरडेपणापेक्षा तिचं चिकटणं जास्त त्रास देतं. दोन लॅपमध्ये बटनांमधल्या फटी भरतात आणि टायर अख्खा गुळगुळीत मातीचा गोळा होतो. तिथे बटनं उंच हवीत आणि एकमेकांपासून लांब हवीत, म्हणजे चाक फिरताना माती फेकली जाईल. टायर शक्यतो अरुंद घ्या. मडगार्ड आणि टायरमध्ये हाताची चार बोटं आडवी जातील इतकी जागा ठेवा, नाहीतर पुढचं चाक जागीच अडकतं. मातीच्या रेसवाले पुढचं मडगार्ड वर उचलून बसवतात ते यासाठी.

कोरड्या, टणक, धुळीच्या मैदानावर उंच मऊ बटनं वाकतात, तुटतात. तिथे आखूड आणि जवळची बटनं लागतात.

एकच टायर घ्यायचा असेल तर मधल्या जमिनीचा घ्या. एमआरएफचा मोटो-डी आपल्याकडे मातीवर कित्येक वर्षांपासून चालतो आणि सहज मिळतो. हीरो एक्सपल्स २०० चं पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १८ इंची, त्या मापात पर्याय बरे आहेत. आरएक्स १०० वाल्यांना १८ इंचीत शोधावं लागतं, पण मिळतं. ती गाडी १९९६ साली बंद झाली तरी बेळगाव-कोल्हापूरकडे तिच्यावर जीव टाकणारे अजून आहेत, त्यामुळे दुकानदारही माप ठेवतात.

मातीवर हवा किती?

ट्यूबवाल्या बटन टायरला मी १४ च्या आसपास ठेवतो, दगड जास्त असतील तर १६. चिखलात १२. यापेक्षा खाली जायचं तर रिम लॉक (टायर रिमला घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प) बसवल्याशिवाय जाऊ नका. रिमवर टायर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. व्हॉल्व्हचं नट रिमला घट्ट आवळू नका, टोपीजवळ सैल ठेवा. व्हॉल्व्ह तिरपा झालेला दिसला तर टायर सरकतोय हे लगेच कळतं.

चिखलात दोन हीटच्या, म्हणजे रेसच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये काय करावं?

लाकडी चमचा किंवा बांबूची चपटी काडी घेऊन एक-एक फट साफ करा. स्क्रू ड्रायव्हरने रबर सोलतं. मडगार्डच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा हलका फवारा मारला तर माती कमी चिकटते. तो टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर उडणार नाही एवढी काळजी घ्या, आधी ते फडक्याने झाका.

रेसच्या आधी अर्धा तास ढग आले. ठरवायचं कसं?

आकाशाकडे बघून ठरवू नका, जमिनीकडे बघा. डांबरावर तळवा ठेवा. गार असेल तर कोरड्या ट्रॅकवरही पहिले दोन लॅप सांभाळून काढा. आधीच्या रेसच्या गाड्यांमागे पाणी उडतंय का ते बघा. मागे पांढरा फवारा उठत असेल तर ट्रॅक पूर्ण ओला. फवारा नाही पण डांबर काळपट दिसतंय, तर ओलसर. चाकोरीत फिकट पट्टा दिसायला लागला की ट्रॅक सुकतोय.

रस्त्याचे टायर घातले असतील तर तुम्हाला टायर बदलायची गरजच पडत नाही, फक्त हवेचा आकडा बदलायचा. त्याच्यासारखं सुख नाही. बाजूची टीम चाकं काढण्यात घाम गाळत असते तेव्हा तुम्ही गेज लावून, हेल्मेटची काच पुसून तयार असता.

पावसात रोजची रेसिंग लाइन सोडून थोडं बाहेरून जा. त्या लाइनवर रबराचा थर घासून बसलेला असतो, तो भिजला की काचेसारखा होतो. ट्रॅकच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बवर (कठड्यावर) चाक जाऊच देऊ नका.

मोठ्या रेसमध्ये मध्येच टायर बदलतात, ते आपल्याला जमेल का?

मोटोजीपीत २००५ पासून नियम आहे की पाऊस आला तरी रेस थांबत नाही, रायडर पिटमध्ये येऊन तयार ठेवलेल्या दुसऱ्या गाडीवर बसतो. तिथेसुद्धा अर्धवट ओल्या ट्रॅकसाठीचे मधले टायर २०१६ मध्ये आणले आणि पुढच्याच वर्षी काढून टाकले, कारण ते उपयोगी पडायची वेळ फार थोडी होती. आपल्याकडे दुसरी गाडी नसते. हौशी रेस सात-आठ लॅपची. मध्ये थांबून चाक बदललं तर रेस तिथेच गेली.

वापरलेले रेस टायर घ्यावेत का? स्वस्त मिळतात.

सरावासाठी आणि कोरड्यात, तेही नीट बघून. प्रत्येक वेळी टायर तापून गार झाला की त्याचं रबर थोडं कडक होतं. बाहेरून नक्षी छान दिसते आणि आत लाकूड झालेलं असतं. अंगठ्याचं नख जोरात रुतवून बघा. खूण उमटून हळूहळू भरून आली तर ठीक, खूणच उमटली नाही तर सोडून द्या. कड निळसर झाली असेल तर तो जास्त तापलेला आहे. आतून हात फिरवून पंक्चरचा प्लग शोधा, प्लग असलेला टायर रेसला नाही. पावसाच्या रेससाठी वापरलेला टायर मी कुणालाच सुचवत नाही.

टायर कुठे बसवून घ्यावेत?

ज्याच्याकडे मोटारसायकलचं मशिन आहे आणि जो तुमच्या समोर काम करतो त्याच्याकडे. एका दुकानात माझ्या नव्या टायरची कड लोखंडी पट्ट्यांनी उचकटताना फाटली. बाहेरून दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक सेशनला दोन-दोन पीएसआय कमी होत होते आणि कारण सापडेपर्यंत सगळा सराव वाया गेला. तेव्हापासून कडेला साबणाचं पाणी भरपूर लावून घेतो आणि बसवल्यावर पूर्ण चाक पाण्याच्या टाकीत बुडवून बघतो. टायरवरच्या बाणाची दिशा तपासा, बॅलन्सिंग करून घ्या. नव्या टायरवर गुळगुळीत कातडी असते, ती जाईपर्यंत, साधारण पहिले १०० किलोमीटर किंवा एक पूर्ण सेशन, गाडी हळूहळू कलवत जा.

सराव चोर्ला किंवा आंबोली घाटात करावा का?

नाही. पावसाळ्यात त्या रस्त्यांवर वळणामागे दूधवाला असतो, शाळेची पोरं असतात, गव्यांचा कळप असतो, डांबरावर वाहून आलेली माती आणि डिझेल असतं. तिथे घसरलात तर समोरच्या ट्रकला रेस माहीत नसते. दोन ओळखीची पोरं अशीच गेली, म्हणून हे कळकळीने लिहितोय. रिकामं मैदान मालकाला विचारून घ्या, मुरमावर आठाच्या आकाराच्या फेऱ्या मारा. गाडी सरकायला लागल्यावर काय करायचं हे तिथे ताशी ३० च्या वेगात शिकता येतं. स्लिक किंवा गोटा झालेला टायर तर रस्त्यावर अजिबात नको. नक्षीतल्या खाचांमध्ये घसाऱ्याची उंच खूण असते, रबर तिच्या पातळीला आलं की टायर संपला.

रेसच्या नियमात टायरबद्दल काही असतं का?

असतंच. आधी आयोजकांची नियमावली मागवून वाचा. काही गटांत सगळ्यांना एकाच कंपनीचा टायर असतो, काही ठिकाणी फक्त रस्त्यावर चालणारे टायर चालतात, काही ठिकाणी टायरवर रंगाची खूण करून संख्या ठरवून देतात. राष्ट्रीय रेसना एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचा परवाना लागतो. तांत्रिक तपासणीत टायर नाकारला गेला तर रात्रभर ट्रेनने केलेला प्रवास आणि फी दोन्ही जातात.

पैसे थोडे आहेत. आधी काय घेऊ?

गेज. मग पुढचा टायर. मागचं चाक घसरलं तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचं गेलं की सावरायला वेळच मिळत नाही. त्यानंतर मागचा टायर. एक्झॉस्ट, स्टिकर, रंग हे सगळं त्यानंतर कधीतरी.

हंगाम संपल्यावर टायर कसे ठेवायचे?

धुवून, पूर्ण सुकवून, अर्धी हवा काढून, अंधाऱ्या कोरड्या खोलीत. पेट्रोल, ऑइल, ग्रीस जवळ नको. उद्यमबागेतल्या बऱ्याच पोरांची गाडी कारखान्याच्या कोपऱ्यातच उभी असते, पण वेल्डिंग आणि विजेच्या मोटारींमधून ओझोन वायू निघतो आणि तो रबराला बारीक चिरा पाडतो. तिथे ठेवणं भाग असेल तर काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा. बाजूवर खडूने लिहून ठेवा: कुठल्या ट्रॅकवर, किती वेळा तापला, शेवटचा गरम दाब किती होता. पुढच्या जूनमध्ये पहिली सर आली की ही खडूची ओळच सगळ्यात आधी वाचावी लागते.